देव सृष्टिकर्ता आहे, म्हणजे नेमके काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत दृढीकरणाच्या (श्रद्धेत पक्के होण्याच्या विधीच्या) वर्गात, संडे स्कूलमध्ये आणि घरगुती प्रार्थनासभेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचे आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांत जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. पुस्तकांची नावे मराठी बायबलप्रमाणे आहेत.

मतांगीकार ‘उत्पन्नकर्ता’पासून का सुरू होतो? येशूपासून का नाही?

मतांगीकार म्हणजे उपासनेत एकत्र म्हणायची श्रद्धेची कबुली; देवपिता आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता आहे, हे तिचे पहिले वाक्य. येशूविषयी पुढे जे काही म्हटले आहे ते सगळे या पहिल्या वाक्यावर उभे आहे. देवाने देह धारण केला असे म्हणायचे, तर देह ही मुळात देवाने केलेली, चांगली वस्तू असली पाहिजे. येशू मेलेल्यांतून उठला असे म्हणायचे, तर मरणापुढेही ज्याचे चालते असा कोणी हवा. जे नव्हतेच ते ज्याने अस्तित्वात आणले, त्याला मेलेल्याला उठवणे जड नाही; रोमकरांस पत्र ४:१७ मध्ये प्रेषित पौलाने या दोन गोष्टी एकाच वाक्यात ठेवल्या आहेत.

हे वाक्य गाळले तर काय होते, हे मंडळीने दुसऱ्याच शतकात पाहिले. मार्सियन नावाच्या शिक्षकाचे म्हणणे असे, की जग घडवणारा जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा प्रेमळ पिता वेगळा. ऐकायला सोयीचे वाटते: कठोर भाग एकाच्या खात्यावर, प्रेमळ भाग दुसऱ्याच्या. पण मग हे शरीर, ही माती, हे अन्न कमी दर्जाच्या देवाचे ठरते आणि तारण म्हणजे इथून पळून जाणे एवढेच उरते. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. पुढे ३२५ मध्ये नायकेयाच्या धर्मसभेने ‘दृश्य व अदृश्य अशा सर्वांचा’ कर्ता असे शब्द घातले आणि ३८१ च्या मतांगीकारात त्यांच्या आधी ‘आकाश व पृथ्वी’ आले. उपासनेत आपण हे भरभर म्हणून मोकळे होतो, पण त्यातला शब्द न् शब्द कुठल्या तरी वादात तावून निघालेला आहे.

वर्गात सर्वांत जास्त दिसणारी चूक वेगळीच. मुले ‘उत्पन्नकर्ता’ हा शब्द भूतकाळी समजतात, म्हणजे बिल्डरने इमारत बांधली, चावी दिली आणि तो पुढच्या साइटवर गेला. ख्रिस्ती श्रद्धा असे म्हणत नाही. गाणारा आणि गाणे यांचे नाते त्यापेक्षा जवळचे: गाणारा थांबला की गाणे उरत नाही. कलस्सैकरांस पत्र १:१७ आणि इब्री १:३ ही दोन्ही वचने जग *आत्ता* कोणाच्या आधाराने टिकून आहे ते सांगतात. तेव्हा ‘जग केव्हा सुरू झाले’ हा प्रश्न दुय्यम आहे. जग कोणाचे आहे आणि कोणाच्या आधारावर उभे आहे, हा पहिला.

‘शून्यातून निर्माण केले’ असे म्हणतात. पण उत्पत्ती १:२ मध्ये पाणी आणि अंधार आधीच आहेत ना?

मराठी वाचकाची इथे शब्दामुळेही फसगत होते. त्या ओळीत पृथ्वी ‘आकारविरहित व शून्य’ होती असे आहे. तिथले ‘शून्य’ म्हणजे ओसाड, रिकामे. मूळ हिब्रू शब्द आहेत तोहू वाबोहू. ‘शून्यातून निर्मिती’ या सिद्धान्तातले ‘शून्य’ म्हणजे काहीच नसणे. दोन्हींची गल्लत केली की ‘आधी ओसाड पृथ्वी होती, देवाने ती नीट केली’ असा अर्थ निघतो आणि देव सुतार-गवंड्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

पहिल्या अध्यायात हिब्रू क्रियापद आहे ‘बारा’, म्हणजे निर्माण करणे. या अर्थाने ते बायबलमध्ये फक्त देवासाठी येते आणि कशापासून घडवले ते त्यासोबत कधी सांगितलेले नसते. तरीही ‘शून्यातून’ ही कल्पना एकट्या त्या शब्दातून सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. ती ठसठशीत होते ती इब्री ११:३ मध्ये, आणि कॅथलिक बायबलमधल्या २ मक्काबी ७:२८ मध्ये, जिथे आई आपल्या सातव्या मुलाला मरणाला सामोरे जाताना धीर देते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते पुस्तक नाही, म्हणून तिथे इब्री व रोमकरांस पत्रावर भर असतो.

कुंभाराचा दृष्टान्त यिर्मया १८ मध्ये आहे आणि तो चांगलाच आहे, पण त्याला मर्यादा आहे. कुंभाराला माती विकत आणावी लागते.

आमचे शेजारी म्हणतात, आमच्याकडे ब्रह्मदेव आहेच. मग फरक कुठे?

फरक सांगताना शेजाऱ्याची श्रद्धा त्याला ओळखू येईल अशा शब्दांत मांडावी, नाहीतर संवाद तिथेच संपतो. पुराणांत ब्रह्मदेव सृष्टी रचतो, पण चक्र फिरत राहते: निर्मिती, प्रलय, पुन्हा निर्मिती. उपनिषदांत कोळी स्वतःतून धागा काढतो तसे विश्व ब्रह्मातून निघते अशी उपमा आहे. अद्वैतात जग आणि ब्रह्म यांत अंतिम भेद नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत जग देवातून *निघालेले* नाही, देवाने ते *केलेले* आहे. म्हणून झाड देव नाही, नदी देव नाही, मीही देव नाही. पण जग मायाही नाही. ते खरे आहे, कारण कर्त्याला ते खरे असावे असे वाटले. आणि त्याला त्याची गरज नव्हती. एकटेपणा घालवायला देवाने माणूस केला, असे संडे स्कूलमध्ये कधी कधी सांगितले जाते. ते चूक आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रेम आधीपासून होते. सृष्टी ही त्या प्रेमाची देणगी आहे, उणीव भरून काढायचा उपाय नव्हे.

‘अब्राहाम म्हणजेच ब्रह्मा’ आणि ‘बारा म्हणजे ब्रह्म’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. नाद सारखा आहे, एवढेच. एक शब्द सेमिटिक कुळातला, दुसरा संस्कृत. अशा जुळणीवर श्रद्धेचा खांब उभा करू नये.

मग देवाला कोणी निर्माण केले?

कोणीही नाही. निर्माण झालेल्या प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो, असे ख्रिस्ती श्रद्धा म्हणते. *प्रत्येक* गोष्टीला लागतो असे म्हणत नाही. मूल सहा-सात वर्षांचे असेल तर ‘देव नेहमीच होता’ एवढे पुरते. ‘असे प्रश्न विचारू नयेत’ हे उत्तर मात्र देऊ नये, ते वीस वर्षे लक्षात राहते.

सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस का?

यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही. काही प्रोटेस्टंट मंडळ्या अक्षरशः चोवीस तास मानतात. काही जण एक दिवस म्हणजे दीर्घ युग असे धरतात. बरेच अभ्यासक, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हींकडचे, सहा दिवस ही मांडणीची चौकट मानतात. ही आधुनिक पळवाट आहे असे कोणी म्हटले तर त्यांना सांगावे, की पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनही हे दिवस साधे दिवस मानत नव्हता.

वाद घालण्याआधी अध्याय नीट वाचावा. वहीत दोन स्तंभ आखा. डाव्या बाजूला पहिले तीन दिवस: प्रकाश व अंधार, अंतराळ व पाणी, कोरडी जमीन व वनस्पती. उजव्या बाजूला पुढचे तीन: सूर्य-चंद्र-तारे; मासे व पक्षी; जनावरे व माणूस. आता ओळी आडव्या वाचा. पहिल्या दिवशी जागा तयार झाली, चौथ्या दिवशी तिथे राहणारे आले. दुसऱ्याची जोडी पाचव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी. पृथ्वी ओबडधोबड आणि रिकामी होती, म्हणून आधी घडण आणि मग भरण.

आणखी तीन खुणा पेन्सिलने करा. ‘चांगले’ हा शेरा सात वेळा येतो, सातव्यांदा ‘फार चांगले’. दुसऱ्या दिवशी तो नाही, तिसऱ्या दिवशी दोनदा आहे. सूर्य आणि चंद्र यांची नावेच नाहीत, फक्त ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’; आजूबाजूच्या राष्ट्रांत त्या नावांचे देव होते, लेखकाने त्यांना दिव्याच्या कामावर लावले आहे. आणि ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ ही ओळ सातव्या दिवसाला नाही. तो दिवस जणू उघडाच ठेवला आहे.

एवढे पाहिल्यावर लेखकाचा रोख घड्याळावर नव्हता, हे बहुतेकांच्या लक्षात येते. आमचाही कल चौकटीच्या वाचनाकडे आहे. पण चोवीस तास मानणारा विश्वासू अविश्वासू ठरत नाही, आणि उलटही नाही. मतांगीकारात दिवसांची संख्या दिलेली नाही.

महास्फोट आणि उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती असू शकतो का?

हो. महास्फोटाची कल्पना मांडणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू आघाडीवर होता: १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावते हा शोधनिबंध, १९३१ मध्ये ‘आदिम अणू’ची कल्पना. या सिद्धान्ताला उत्पत्तीच्या पहिल्या ओळीचा पुरावा म्हणून वापरू नये, असा आग्रह त्याचाच होता. उत्क्रांतीबाबत पोप बाराव्या पायस यांनी १९५० मध्ये अभ्यासाची दारे उघडी ठेवली आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती केवळ एक कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मते विभागलेली आहेत. आपल्या पाळकांना विचारा.

विज्ञानाच्या हिशेबाने विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांचे आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी यांचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. मूल शाळेत हे शिकते आणि रविवारी कोणी त्याला ‘ते खोटे’ म्हणून सांगते, तेव्हा ते मूल पुस्तक टाकत नाही, चर्च टाकते.

‘विज्ञानाला अमुक समजत नाही, तिथे देव आहे’ असा युक्तिवाद करू नये. विज्ञानाला उद्या ते समजले की देवाची जागा तेवढी आकसते. देव समजलेल्या गोष्टींचाही कर्ता आहे.

यात येशू कुठे आला?

पहिल्यापासूनच. योहान १:१-३ ची सुरुवात मुद्दाम उत्पत्तीसारखी आहे आणि ‘शब्दा’वाचून, म्हणजे येशूवाचून, काहीच झाले नाही असे तिथे म्हटले आहे. १ करिंथ ८:६ मध्ये सर्व काही पित्यापासून आणि येशू ख्रिस्ताच्या द्वारे. उत्पत्ती १:२ मध्ये पाण्यावर आत्मा आहे. ‘पिता निर्माण करतो, पुत्र तारतो, आत्मा पवित्र करतो’ अशी खातेवाटप लक्षात ठेवायला बरी, पण तिन्ही कामे त्रैक्य देवाची आहेत. कॅथलिक मंडळीत पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीच्या जागरणविधीत पहिले वाचन उत्पत्तीचा पहिला अध्याय असते. पुनरुत्थानाच्या रात्री सृष्टीची गोष्ट वाचतात, यातच बरेच आले.

गारपिटीत बाग गेली. सृष्टी देवाची आहे, तर गारा कोणाच्या?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत चार महिने राबायचे, डिपिंग (घड संजीवकात बुडवणे), विरळणी, डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या, औषधांच्या दुकानात उधारी. मणी फुगून साखर भरत आलेली असते आणि फेब्रुवारी-मार्चच्या एका दुपारी दहा मिनिटांत घडाखाली सडा पडतो. जे मणी वेलीवर राहतात त्यांना चीर गेलेली असते, दोन दिवसांत ते कुजू लागतात.

अशा घरात गेल्यावर काय म्हणू नये, ते आधी. ‘देवाने तुमची परीक्षा घेतली’ म्हणू नये. ‘कुठेतरी पाप असेल’ हे तर मुळीच नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का, असे विचारून येशूने स्वतः ‘नाही’ म्हटले आहे (लूक १३:४-५). शेजारच्या शेतकऱ्याची बाग वाचली म्हणून तो अधिक नीतिमान ठरत नाही. पाऊस दोघांवर पडतो (मत्तय ५:४५).

मग काय म्हणता येते? सृष्टी चांगली आहे, पण अजून पूर्ण झालेली नाही. रोमकरांस पत्र ८:२२ मध्ये ती प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे असे म्हटले आहे. उत्पत्ती ३ मध्ये माणसाच्या अवज्ञेनंतर जमिनीशीच नाते बिघडते, काटे येतात, घाम येतो. काही दुःखे सरळ माणसाच्या करणीची असतात. पण प्रत्येक गारेचा हिशेब बायबल देत नाही. ईयोब ३८:२२ मध्ये देव सर्वस्व गमावलेल्या ईयोबालाच विचारतो, गारांची भांडारे तू पाहिलीस का? ईयोबाला कारण मिळत नाही. देव त्याच्याशी बोलला, एवढे मिळते. आणि ज्या तीन मित्रांनी छातीठोक कारणे सांगितली होती, त्यांच्यावर देव शेवटी रागावतो.

तक्रारीची प्रार्थना ही अविश्वासाची खूण नाही. स्तोत्रसंहितेत अशी स्तोत्रे ढिगाने आहेत. १३ वे आणि ८८ वे वाचावे. ८८ वे तर अंधारातच संपते. आणि हो, पंचनाम्याला सोबत जाणे, फोटो आणि सातबारा जमवून देणे, हेही त्या घरात केलेल्या प्रार्थनेइतकेच कामाचे.

ख्रिस्ती लोक गोदावरीला पवित्र मानतात का?

पूज्य नाही, पण कोणाची तरी म्हणून जपायची. स्तोत्र १०४:१० मध्ये खोऱ्यांतून झरे वाहवणारा देव आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यावरील प्रार्थनेत कॅथलिक पुरोहित सृष्टीच्या आरंभीच्या पाण्याची आठवण करतो. ‘नदी देव नाही’ हे वाक्य नदीत कचरा टाकायचा परवाना म्हणून ज्याला ऐकू येते, त्याला पुढचे अर्धे वाक्य शिकवायचे राहिले आहे: ती तुझीही नाही.

माणसाला पृथ्वीवर ‘सत्ता’ दिली, म्हणजे वाटेल तसे वापरावे का?

उत्पत्ती १:२८ एकटी वाचली की असे वाटते. २:१५ सोबत वाचावी. तिथे बागेची मशागत आणि राखण ही दोन कामे आहेत. लेवीय २५:२३ मध्ये देव स्पष्ट म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. सातबाऱ्यावर नाव आपले असते, पण ख्रिस्ती हिशेबाने आपण वहिवाटदार.

बायबल इथे उपदेशावर थांबत नाही, शेतात उतरते. द्राक्षमळा अगदी शेवटच्या मण्यापर्यंत झोडपून काढू नका, पडलेली फळे गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या (लेवीय १९:१०). मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या (अनुवाद २४:१५). पेठ-सुरगाण्याकडून विरळणीला आणि काढणीला आलेल्या टोळीचा हिशेब ‘माल गेल्यावर बघू’ म्हणून लांबवणाऱ्या ख्रिस्ती बागायतदाराने मतांगीकाराचे पहिले वाक्य जपून म्हणावे. फवारणीनंतर काढणीपर्यंत जितके दिवस थांबायला लेबलवर सांगितले असते तितके थांबणे, मजुराला हातमोजे आणि मास्क देणे, उरलेले औषध विहिरीजवळ किंवा नाल्यात न ओतणे: ही निर्मात्यावरच्या विश्वासाचीच कामे आहेत. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे परिपत्रक याच धाग्यावर आहे. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश ते वेगळे करत नाही.

‘देवाची प्रतिमा’ आणि जात, या दोन गोष्टी एकत्र नांदतात का?

नांदत नाहीत. उत्पत्ती १:२७ मध्ये पुरुष आणि स्त्री दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे आहेत आणि तिथे कुळ, वर्ण, भाषा यांचा उल्लेख नाही. आजूबाजूच्या राज्यांत देवाची प्रतिमा म्हणजे राजा. इथे प्रत्येक माणूस.

नाशिकला याचा एक जुना धडा आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा आणि शिक्षण मिळाले. इथे शिकलेल्या जेकब वेनराइटने १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या हृदयाच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, सोवळ्याओवळ्याच्या कडक घरातला. त्यांचा स्वतःचा प्रवास सर्वांच्या पंगतीत बसण्यापर्यंत किती कष्टाचा होता ते मराठी वाचकाला ठाऊक आहे.

चर्चमध्ये आजही सोयरिकीच्या वेळी ‘मूळचे कोण?’ विचारले जाते. प्रश्न विचारणारा मतांगीकार पाठ म्हणू शकतो, हे खरे दुखणे.

रविवारी काम करावे का?

विश्रांतीच्या आज्ञेला दोन कारणे दिली आहेत. निर्गम २०:११ मध्ये सृष्टीचे: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५:१५ मध्ये गुलामीचे: तू मिसरात दास होतास. म्हणून स्वतः चर्चला जाऊन गड्याला बागेत पाठवणे ही आज्ञेची अर्धीच बाजू. आभाळ भरून आले असताना तयार माल उतरवून घेणे मात्र चूक नाही. येशूनेच शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) माणसासाठी आहे असे म्हटले आहे (मार्क २:२७). शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी आठवड्यातला दुसरा एक दिवस ठरवून मोकळा ठेवावा. ठरवला नाही तर तो कधीच येत नाही.

शेजाऱ्यांनी प्रसाद दिला तर?

हा प्रश्न पौलापुढेही होता आणि त्याने तो निर्मात्याच्या श्रद्धेनेच सोडवला. १ करिंथ १०:२५-२६: बाजारात मिळते ते चौकशा न करता खा, कारण पृथ्वी परमेश्वराची आहे. म्हणजे मूर्तीपुढे ठेवल्याने अन्नाचा मालक बदलत नाही. पण त्याच पत्रात तो दोन मर्यादा घालतो. पूजेत सहभागी होणे वेगळे आणि अन्न खाणे वेगळे. आणि माझ्या खाण्याने दुर्बळ विश्वासाच्या भावाला ठेच लागत असेल तर मी थांबावे. काही मंडळ्या प्रसाद पूर्ण वर्ज्य मानतात, काही स्नेहाचा घास म्हणून घेऊ देतात. न घेणाऱ्याने निदान दोन्ही हातांनी नमस्कार करून, हसून नाही म्हणावे.

उपकारस्तुतीचा सण कसा ठेवावा?

पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा हा सण. तारीख हंगामावर. सगळ्यांच्या शेतात काही ना काही असते असा रविवार निवडा आणि तीन आठवडे आधी जाहीर करा. सकाळी उपासनेच्या एक तास आधी माल वेदीजवळ मांडायला सुरुवात करा: कांदे, मका, धान्य खाली, फळे मध्ये, पालेभाजी ओल्या पोत्यावर. मेथी-कोथिंबीर पंख्याखाली ठेवू नका. प्रवचन लांबले की माना टाकते. शहरातल्या कुटुंबांनी पाकिटच दिले पाहिजे असे नाही. कारखान्यातला सुटा भाग, शिवलेला कपडा, शाळेची वही हेही हाताच्या कामाचे फळ. वाचनाला अनुवाद २६:१-११ आणि स्तोत्र १०४ घ्या. त्या स्तोत्राच्या १५ व्या वचनात द्राक्षारस, तेल आणि भाकर एकत्र आहेत.

उपासनेनंतर या मालाचा लिलाव होतो; त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, चार पैसेवाले एकमेकांवर चढून बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. त्यावर उपाय म्हणून निम्मा माल दहा-वीस रुपयांच्या वाट्यांत ठरलेल्या दराने विका, निम्म्याचाच लिलाव करा, पालेभाजी पहिली. दुसरे, उधार बोली. जागेवर रोख किंवा यूपीआय, आणि पुढच्या रविवारी हिशेब फळ्यावर. उरलेला माल त्याच संध्याकाळी गरजूंच्या घरी पोहोचला पाहिजे, चर्चच्या खोलीत सडता कामा नये.

पवित्र सहभागितेत नागलीची भाकरी आणि द्राक्षाचा रस चालतो का?

पवित्र सहभागिता म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. कॅथलिक मंडळीत हे चालत नाही. भाकर फक्त गव्हाची, द्राक्षारस द्राक्षाचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला. ग्लूटेन अगदी कमी असलेली भाकर चालते, पूर्ण ग्लूटेनमुक्त चालत नाही. गव्हाचा त्रास असणाऱ्याने केवळ प्याल्यातून घेतले तरी सहभागिता पूर्ण असते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला रस वापरतात आणि तो घरी करतात.

शंभर जणांना प्रत्येकी १५ मिली धरून दीड लिटर लागतो. अर्धा किलो काळ्या मनुका धुऊन दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर १५-२० मिनिटे उकळा, कुस्करा, दुहेरी पातळ फडक्यातून गाळा. पिवळा बेदाणा घेऊ नका, रंग येत नाही आणि गंधकाचा वास राहतो. रस शनिवारीच करा. बुधवारी करून बाहेर ठेवला की रविवारी झाकण उघडताना फस्‌ आवाज येतो. आंबायला लागलेला असतो. फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको.

मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) अर्पणाच्या वेळी भाकरीला ‘भूमीचे फळ आणि माणसाच्या हाताचे काम’ अशा अर्थाचे शब्द आहेत. निर्मात्याचा सिद्धान्त एका ओळीत शिकवायचा असेल तर हीच ओळ घ्यावी: गहू त्याचा, दळण-मळण आपले.

संडे स्कूलमध्ये ४५ मिनिटांत हे कसे शिकवावे?

पहिली पाच-सहा मिनिटे उत्पत्ती १ मोठ्याने वाचा. ३१ वचने आहेत, तेवढाच वेळ लागतो. मुलांनी ‘चांगले’ आले की टाळी वाजवायची. सात टाळ्या झाल्या नाहीत तर कोणीतरी डुलकी घेतली. मग वरचे दोन स्तंभ फळ्यावर, दहा मिनिटे. त्यानंतर चर्चच्या आवारातली एक वस्तू प्रत्येकाने आणायची, पान, खडा, मुंगळा (जिवंत, आणि परत सोडायचा), आणि ती नीट पाहून तीन गोष्टी सांगायच्या. यात वीस मिनिटे जातात. उरलेल्या वेळात प्रत्येक मुलाने आपल्या वस्तूसाठी एका वाक्यात आभार मानायचे. डायनासोरचा प्रश्न येणारच. ‘तेही त्यानेच केले’ म्हणा आणि पुढे चला.

ख्रिस्ती नसलेल्यांशी याविषयी बोलायला सुरुवात कुठून करावी?

प्रेषितांची कृत्ये १४ पाहा. लुस्त्रात पौल आणि बर्णबा यांना लोक देव समजून बैल कापायला निघाले. समोर यहूदी शास्त्र माहीत नसलेली माणसे. पौल एकही वचन उद्धृत करत नाही. आकाशातून पाऊस, फळ देणारे ऋतू आणि पोटभर अन्न देणाऱ्या देवाविषयी बोलतो. १७ व्या अध्यायात अथेनैच्या पंडितांपुढे तो त्यांच्याच कवीची ओळ घेतो. मराठीत हे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात केले: ओवीचा छंद, पुराणाची बैठक आणि आरंभ सृष्टीच्या निर्मितीपासून. नारायण वामन टिळकांनी पुढे अभंग आणि कीर्तनाची वाट धरली.

म्हणून शेजारच्या काकांशी बोलताना उत्पत्तीचा अध्याय उघडून बसायची घाई नको. यंदा पाऊस कसा झाला, विहिरीला पाणी किती, इथून सुरुवात करा.